सात खळग्यांचा नॉनस्टिक पॅनकेक तवा: बाळाच्या फळांच्या पॅनकेकसाठी कसा आहे?

सहा महिन्यांवरच्या बाळासाठी हा तवा खरोखर उपयोगी आहे, पण आच मंद ठेवली तरच. एक पिकलेलं केळं, एक अंडं आणि चार मोठे चमचे ओट्सची पूड एवढं मिश्रण पुरतं. पूड भिजायला पाच मिनिटं द्या, नाहीतर पॅनकेक उलटताना फुटतो. प्रत्येक खळग्यात एकच मोठा चमचा घाला. जास्त घातलं की कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो, कारण केळ्यातली साखर लवकर तांबूस होते. बाळासाठी अंडं आतपर्यंत शिजायलाच हवं, म्हणून एक पॅनकेक मोडून बघा.

तव्याची खरी उणीव मधल्या खळग्यात आहे. छोट्या बर्नरवर तो सर्वांत आधी तापतो, त्यामुळे तिथला पॅनकेक आधी उलटावा लागतो. सिलिकॉनचा उलथना वापरा, रिकामा तवा तापवू नका.

ब्लूबेरी अख्ख्या नकोत, चिरडून घाला. किसलेलं सफरचंद पाणी सोडतं, ते आधी पिळून घ्या. साखर-मीठ नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही. अंडं बाळाने आधी खाल्लेलं नसेल तर ते आधी वेगळं, थोडंसं देऊन बघा.

मोठ्या मुलांना मात्र हे पॅनकेक फारच लहान पडतात. त्यांच्यासाठी साधा सपाट तवाच बरा.