सरावासाठी कमी दारूचं काडतूस की छर्‍याची रायफल?

परभणी-हिंगोलीकडे रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना काढलेल्या घरांत बाराबोर असते, नाहीतर .३१५ ची रायफल. .३१५ खांद्याला चांगलाच धक्का देते, काडतूस महाग, आणि परवान्यावर मिळतात ती मोजकीच. म्हणून काहीजण विचारतात, "झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच भरल्या आणि बंदुकीची दारू जरा कमी टाकली तर? धोकाही कमीच ना?"

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. कायद्याची बाजू तर सरळच आहे. विनापरवाना काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची कैद आहे. बंदूक बाळगायचा परवाना काडतूस भरायला चालत नाही.

पण ज्या देशांत हे रीतसर चालतं, तिथेही जाणकार कमी दारूला वचकून असतात. औषधाच्या रिकाम्या बाटलीत चमचाभर मोहरी टाका आणि बाटली आडवी करा. मोहरी तळाशी पातळ पसरते, वर सगळी पोकळी. पुंगळीत दारूचं असंच होतं. नळी वर झाली की दारू मागे, खाली झाली की पुढे, त्यामुळे प्रत्येक बार वेगळा पेटतो. सावकाश जळणारी दारू फारच कमी पडली, तर दाब कमी व्हायच्या ऐवजी एकदम भडकून रायफल फुटल्याचे प्रकार नोंदलेले आहेत. आता त्या बाटलीत आणखी एक चमचा टाका. सहज मावतो! पूर्ण भरलेल्या पुंगळीत दुप्पट माप पडलं तर दारू सांडते आणि चूक दिसते, इथे ती दिसतच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे फुसका बार. गोळी नळीतच अडकते, बाहेर नुसता दबका आवाज. नेम चुकला समजून दुसरी झाडली की नळी फुटते, आणि पुढचा हात तिथेच असतो.

छर्‍याच्या रायफलीत यातलं काहीच नाही. ४.५ मिमीची, २० ज्यूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. दहा मीटरच्या स्पर्धेतला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पडवीतही नेमाचा कस लागतो. मात्र तिला खेळणं समजू नका, डोळा तीही फोडते. मागे मातीची भरलेली पोती, डोळ्यांवर चष्मा आणि नंतर साबणाने हात धुणं, एवढं हवंच, कारण छर्रे शिशाचे असतात.

धक्क्याची सवय मात्र तिच्यावर होत नाही, ही उणीव खरी आहे. त्यासाठी .३१५ मध्ये डमी, म्हणजे दारू नसलेलं नकली काडतूस घालून चाप ओढायचा सराव करा, खरी काडतुसं दुसर्‍या खोलीत कुलपात ठेवून. आणि अधूनमधून रेंजवर कारखान्याची चार-पाच पूर्ण काडतुसं झाडा. मे महिन्यात ती गाडीत तापत ठेवू नका, तापलेली दारू दाब वाढवते.

कारखान्याच्या काडतुसाचाही आवाज कधी दबका आला, तर लगेच थांबा. नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट जाऊ द्या. मग रायफल रिकामी करा, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने नळीत बघा. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला नाही, तर त्या दिवशी दुसरं काडतूस आत जाता कामा नये.