‘डेज गॉन’सोबत आठ महिने : ७१ गुणांच्या गेमचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात म्हापशाहून सेकंड हँड पीएस फोर हा गेम कन्सोल आणला. सोबत चार डिस्क मिळाल्या. तीन गेम मला हवेच होते, चौथा होता ‘डेज गॉन’. विकणारा मुलगा म्हणाला, “हा असाच घ्या, रिव्ह्यू काही खास नाहीत.” घरी येऊन बघितलं तर खरंच होतं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर ७१, तेही पिवळ्या चौकोनात. आयजीएन या गेमच्या साइटनं दहापैकी साडेसहा दिलेले, गेमस्पॉट या दुसऱ्या साइटनं पाच. मी ती डिस्क सगळ्यांत खाली ठेवून दिली.

आता जानेवारी संपत आलाय. बाकीच्या तिघांपैकी दोन डिस्क मित्राकडे गेल्या, त्या परत मागाव्यात असंही वाटलं नाही. ‘डेज गॉन’वर मात्र माझे दीडशेच्या आसपास तास झालेत. समीक्षकांना काही कळत नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांचे रिव्ह्यू मी खेळण्याआधी वाचले होते आणि डिसेंबरमध्ये पुन्हा वाचले. त्यांनी काढलेल्या चुकांपैकी बहुतेक मला पटतात. तरीही हा गेम मला फार आवडला. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, ते नीट मांडायचं म्हणून एवढं लांब लिहितोय. गोष्टीतली मोठी वळणं फोडलेली नाहीत.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात घडतो. साथ येऊन दोन वर्षं झालीत आणि बहुतेक माणसं ‘फ्रीकर’ झालीत, म्हणजे जिवंत पण हिंस्र. आपण डीकन सेंट जॉन, एकेकाळी बायकर टोळीतला, आता छावण्यांसाठी सुपाऱ्या घेणारा भटका. हा गेम करणारा बेंड स्टुडिओ त्याच राज्यात, बेंड नावाच्या गावात आहे. ते खेळताना कळतं. पाइनची झाडं, चिखल, लाव्हाची काळी जमीन, अचानक पडणारा बर्फ हे सगळं रोज बघणाऱ्या माणसांनी केलंय. गेमच्या दुसऱ्या भागात क्रेटर लेक येतं. हे तळं खरंच तिथं आहे. सुमारे ७७०० वर्षांपूर्वी माउंट मझामा ज्वालामुखी आत कोसळला आणि त्या खड्ड्यात ते साचलं. ५९४ मीटर खोल, अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं. पहिल्यांदा कड्यावर गाडी थांबवून ते निळं पाणी बघितलं तेव्हा मी दहा मिनिटं कंट्रोलर खाली ठेवला होता.

आता गाडीबद्दल, कारण माझ्यासाठी अर्धा गेम तीच आहे.

‘डेज गॉन’मधली मोटरसायकल खरी वाटते ती तिच्या अडचणींमुळे. तिला पेट्रोल लागतं. सुरुवातीची टाकी इतकी लहान की दोन मिशन केली की काटा खाली. आपटली की मोडते, मग भंगार गोळा करून जागेवर दुरुस्त करायची. पावसात घसरते. इंजिनाचा आवाज ऐकून फ्रीकर धावत येतात. गेम सेव्ह करायचा तर गाडीजवळ किंवा बिछान्यापाशीच. नकाशावर बोट ठेवून लांब उडी मारायची म्हटलं तरी तेवढं पेट्रोल टाकीत पाहिजे आणि वाटेवरची फ्रीकरांची घरटी आधी जाळलेली पाहिजेत. अनेक समीक्षकांना हा सगळा त्रास वाटला. गोष्ट पुढं न्यायची घाई असताना पेट्रोलचा कॅन शोधत फिरणं कंटाळवाणं आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी साखळीला राहतो. केरीच्या पुढं चोर्ला घाट सुरू होतो. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये बेळगावहून येताना त्या घाटात माझं पेट्रोल संपलं होतं. दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं इतकं धुकं, मोबाइलला रेंज नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज कुठून येतोय तेच कळेना. उतारावर गाडी सोडून सोडून कसा तरी खाली आलो. गेममध्ये पहिल्यांदा जंगलात काटा शून्यावर आला, अंधार पडत होता आणि लांबून ओरडण्याचे आवाज येत होते, तेव्हा पोटात तसाच गोळा आला. गेम खेळताना असं मला आधी कधी झालं नव्हतं.

माझे काका म्हापशात वीस वर्षं पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : इथं मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात, गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो. काकांना व्हिडिओ गेममध्ये कधीच रस नव्हता. ऑगस्टमध्ये ते आमच्याकडे आले होते, मी खेळत होतो, ते मागं चहा घेत बसले होते. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, गाडी अशी भिंतीला तोंड करून लावतात काय? पळायची वेळ आली तर वळवायला जागा कुठं आहे? तोंड रस्त्याकडं कर आणि मग उतर.”

मी चाळीस तास खेळलो होतो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून गाडी नेहमी रस्त्याकडं तोंड करून लावतो, आणि त्यामुळे कितीदा वाचलोय त्याला गणती नाही. नंतर त्यांनी आणखी एक सांगितलं : उताराला रेस कशाला देतोस, सोडून दे. तेही गेममध्ये चालतं, टाकी जास्त पुरते. वीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाचं ज्ञान ज्या गेममध्ये जसंच्या तसं उपयोगी पडतं, त्या गेमची गाडी कुणीतरी मनापासून केलेली आहे, एवढं मी खात्रीनं सांगतो.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज येत-जात असते. विजा कडाडायला लागल्या की आई आधी टीव्हीचा प्लग काढते. सेव्हच्या नियमामुळे दोनदा तासाभराचा खेळ गेला. चिडलो, नाही असं नाही. पण मग सवय लागली : कामाला लागण्याआधी गाडीपाशी यायचं, सेव्ह करायचं, सॅडलबॅगमधून गोळ्या भरायच्या, टाकी बघायची. चवथीत घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा आठवडाभर कन्सोल लावलाच नाही. नंतर परत बसलो तेव्हा गोष्टीत पुढं काय झालं याच्यापेक्षा गाडीत पेट्रोल किती होतं ते मला आधी आठवलं.

आता झुंडी. २०१६ च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात हा गेम जाहीर झाला तेव्हा दाखवली होती ती लाकडाच्या गिरणीतली झुंड, शेकडो फ्रीकर एका माणसामागं. २०१९ च्या २६ एप्रिलला गेम आला, आणि खेळणाऱ्यांना कळलं की गिरणीतल्या झुंडीपर्यंत पोचायला गोष्टीचा बहुतेक भाग संपवावा लागतो. वाटेत झुंडी भेटतात, पण तोवर आपल्याकडे ना शस्त्रं असतात ना दम. समीक्षकांचा सर्वांत मोठा आक्षेप हाच होता : उत्तम ते शेवटी, आणि त्याआधी तीसेक तास तेच तेच. घरटी जाळा, टोळीचा तळ साफ करा, पावलांचे ठसे बघत माग काढा, परत या.

हे खरं आहे. ठसे बघत चालायची मिशन मला शेवटपर्यंत आवडली नाहीत. निरो या सरकारी संस्थेच्या लोकांचं बोलणं गवतात लपून ऐकायचं आणि दिसलो की लगेच अपयश, हे तर चौथ्यांदा आल्यावर मी शब्दशः उठून स्वयंपाकघरात गेलो. डीकनचं पत्नीसोबतचं जुनं आयुष्य दाखवणारे प्रसंग हळू आणि अवघडलेले आहेत. डीकन एकटाच असताना मोठमोठ्यानं बोलतो तेही खटकतं. कोपलँड या छावणीप्रमुखाची रेडिओवरची भाषणं पहिल्या वीस तासांत ऐकावीशी वाटतात, नंतर मी आवाज कमी करायला लागलो.

पण झुंडींचं वेगळं आहे. दिवसा त्या गुहेत झोपतात, रात्री बाहेर पडतात. मी एका झुंडीवर पहिल्यांदा ऑक्टोबरमध्ये गेलो. त्याआधी तीन संध्याकाळी फक्त लांबून बघितलं. कुठून निघतात, पाण्यावर कुठं जातात, कुठली वाट अरुंद आहे. वाळवंटीला पूर आला की साखळीच्या बाजारात पाणी कसं शिरतं ते आम्ही लहानपणापासून बघितलंय, एक दार बंद केलं की बाजूच्या फटीतून येतं. झुंड तशीच येते. कुंपणावरून, खिडकीतून, एकमेकांच्या अंगावरून. तिला थोपवता येत नाही, तिची वाट तेवढी ठरवता येते. सुरुंग लावायचे, ओंडक्यांचे ढीग कोसळवायचे, अरुंद फटीत गोळा झाले की मोलोटोव्ह, म्हणजे पेटती बाटली. गिरणीतली झुंड संपवायला मला अकरा प्रयत्न लागले. अकराव्या वेळी पहाटेचे दोन वाजले होते आणि हात थरथरत होते.

हे सगळं एका आठवड्यात जमलं असतं का? मला नाही वाटत. समीक्षकाला प्रत मिळते, ठरलेल्या तारखेला रिव्ह्यू द्यायचा असतो, आणि तीसचाळीस तासांची गोष्ट सलग संपवायची असते. त्यात मधे थांबून तीन संध्याकाळी झुंड बघत बसणं शक्य नाही. सलग खेळलं की तेचतेचपणा दुप्पट जाणवतो, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळलं की तोच दिनक्रम ओळखीचा, हवासा वाटायला लागतो. त्यांनी चुकीचं लिहिलं नाही. त्यांनी ज्या चालीनं गेम खेळला त्या चालीचं ते खरं वर्णन आहे. शिवाय गेम आला तेव्हा त्यात तांत्रिक दोष बरेच होते आणि नंतर पॅचमागून पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आले. मी दुरुस्त झालेला गेम खेळलो, त्यांनी तेव्हाचा.

आकड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती रिव्ह्यू लिहिणाऱ्यांबद्दल नाही. मेटाक्रिटिकवर गेमसाठी ७५ पासून पुढं हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा. चित्रपटांसाठी हिरवा ६१ पासूनच सुरू होतो. म्हणजे ७१ गुणांचा चित्रपट हिरवा आणि ७१ गुणांचा गेम पिवळा, ‘संमिश्र’. २०२१ च्या मे महिन्यात ‘डेज गॉन’ पीसीवर आला, तिथं त्याला ७६ मिळाले आणि तो हिरवा झाला. गोष्ट तीच, डीकन तोच, ठसे बघायची मिशनही तीच. दुकानात उभा राहून मोबाइलवर बघणाऱ्याला फक्त रंग दिसतो. पाच देणारा आणि आठ देणारा यांच्यातलं भांडण वाचण्यासारखं आहे, कारण एकाला कंटाळा आला तिथंच दुसरा रमलाय. सरासरी काढली की नेमकं ते भांडणच पुसलं जातं.

आणि या आकड्यांवर लोकांचं काम ठरतं. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ करणाऱ्या ऑब्सिडियनचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ वर बांधलेला होता, गेमला ८४ मिळाले. ‘डेज गॉन’च्या दुसऱ्या भागाचा प्रस्ताव २०१९ मध्येच मांडला गेला होता आणि तो नामंजूर झाला, ही बातमी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं २०२१ मध्ये दिली. पहिल्या भागाला नफा होऊनही, गेम करायला लागलेला वेळ आणि समीक्षकांचा संमिश्र कौल ही कारणं त्यात दिली होती. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पहिल्या भागात काय चुकलं ते त्याच लोकांना सर्वांत चांगलं माहीत होतं.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम, २०२० चा. चित्रकलेचं कौतुक झालं, लढाई आणि अचानक येणारा शेवट यांवर टीका झाली. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी गुण बघून तो घेतलाच नाही. टीका मलाही मान्य आहे, पण भिंतींवरच्या चित्रांतून देवांच्या कथा उलगडत जातात ते बघायला पाच-सहा तास देणं मला महाग वाटलं नाही.

‘डेज गॉन’ घ्यायचा का? एकाच आठवड्यात संपवायचा असेल तर नको, तुम्हाला पाच देणाऱ्याचा रिव्ह्यू पटेल. गोष्ट घट्ट पाहिजे असेल तरी नको. संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर एखाद्या जंगलात गाडी घेऊन फिरावं असं वाटत असेल तर घ्या. सुरुवातीचे आठ-दहा तास सोसा, मारलेल्या फ्रीकरांच्या कानांच्या बदल्यात मिळणारा सगळा विश्वास आधी कोपलँडच्या छावणीत जमवा, कारण गाडीचे सुधारित भाग तिथं मिळतात, आणि पहिल्यांदा टाकी मोठी करून घ्या. निरोच्या तळावर जनरेटर सुरू करण्याआधी सगळे भोंगे बंद करा. पीएस फाइव्ह असेल तर २०२५ ची सुधारित आवृत्तीही आहे, पण मी ती खेळलेलो नाही.

माझ्या दोन झुंडी अजून बाकी आहेत. त्या झाल्या की डिस्क मोकळी होईल. साखळी, डिचोली भागात कुणाला हवी असेल तर सांगा, मार्चपर्यंत देतो.