ऱ्होनची पांढरी वाइन, आठ महिन्यांनंतर

नोकरीसाठी फ्रान्समधल्या लियोंला आले तेव्हा पांढरी वाइन म्हणजे नाशिकची सॉव्हिन्यों ब्लाँ नाहीतर शेनिन ब्लाँ, एवढीच माझी ओळख. थंडगार, आंबटसर, पहिल्याच घोटाला तरतरी आणणारी. तीच अपेक्षा धरून मार्चमध्ये कोत-द्यु-ऱ्होनची, म्हणजे ऱ्होन नदीच्या खोऱ्यातल्या वाइनची, पांढरी बाटली उघडली. आंबटपणा नाही, वास नाही, नुसतीच जड. अर्धी बाटली रिसोट्टोत गेली.

आज वहीत एकतीस बाटल्यांच्या नोंदी आहेत आणि तीच अकरा युरोंची वाइन मी पुन्हा पुन्हा आणते. पहिली चूक तापमानाची होती. मार्सान्न, रूसान्न, ग्रेनाश ब्लाँ ही इथली द्राक्षाची वाणं मुळातच कमी आंबट. फ्रिजमधून काढून लगेच ओतली की वास दबतो आणि फक्त शेवटचा कडवटपणा जाणवतो. आता बाटली अर्धा तास बाहेर ठेवते, साधारण 12 अंशांवर पिते. मग नासपती येते, बडीशेप येते, मेणासारखं काहीतरी येतं. दुसरा पेला पहिल्यापेक्षा चांगला लागतो, हे जवळपास दर वेळी.

लेबलाचा मात्र उपयोग शून्य. पुढे गावाचं आणि इस्टेटीचं नाव. वाणांची नावं मागच्या बाजूला असली तर आपलं नशीब. म्हणून दोन महिने एकेका वाणाच्या बाटल्या शोधून प्यायले, आणि सगळ्यात जास्त शिकले ते त्यातून. मार्सान्न वजन देते, आणि शेवटी बदामाच्या सालीचा कडवटपणा. रूसान्न जास्त सुगंधी, जरा जास्त धारदार, पण बागायतदाराला तापदायक: भुरी (बुरशीचा रोग) चटकन पकडते आणि पीक बेभरवशाचं. त्यामुळे बऱ्याच बागांत तिची जागा मार्सान्नने घेतली. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना यात काही समजावून सांगायला नको. ग्रेनाश ब्लाँमुळे वाइनला भरदारपणा येतो आणि तिच्यातलं अल्कोहोल वाढतं. दक्षिणेच्या उन्हात ताजेपणा सांभाळायला क्लेरेत आणि बूरबुलांक. व्हियोन्येचा जर्दाळूसारखा वास पहिल्या दिवशी फार आवडला होता. आता मिश्रणात ती जरा जास्त झाली की लग्नघरातलं अत्तर आठवतं.

उत्तर आणि दक्षिण ऱ्होन यांतला फरकही तेव्हाच डोक्यात बसला. उत्तरेतल्या एर्मिताजच्या पांढऱ्या वाइनमध्ये फक्त मार्सान्न आणि रूसान्न. खाली दक्षिणेत शातोनफ-द्यु-पापमध्ये रूसान्न चालते, पण मार्सान्न आणि व्हियोन्ये दोन्ही नियमात बसत नाहीत. मी कितीतरी दिवस तिथल्या पांढऱ्या वाइनमध्ये मार्सान्न 'ओळखत' होते! वहीतल्या त्या नोंदी खोडलेल्या नाहीत.

जूनमध्ये एर्मिताजच्या गावी, तें-लेर्मिताजला गेले. लियोंहून गाडीने तासभर. स्टेशनामागेच दक्षिणेकडे तोंड केलेली टेकडी, वर छोटं चॅपेल, पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. ऊन इतकं की अर्ध्यातून परत फिरावंसं वाटलं. खाली दुकानात मोह झाला आणि सहा वर्षं जुनी पांढरी एर्मिताज घेतली. किंमत घरी सांगितलेली नाही. ती घरी उघडली तर मुकी. ऑफिसातल्या जाणत्या सहकाऱ्याने मग सांगितलं की ही वाइन पहिली तीन-चार वर्षं बोलते, मधली काही वर्षं गप्प बसते आणि दहाएक वर्षांनंतर पुन्हा तोंड उघडते. हे दुकानात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लियोंमधल्या आणखी एका दुकानाने तर तपकिरी पडलेली, काळवंडलेल्या सफरचंदाच्या वासाची बाटली दिली आणि बदलून द्यायला साफ नकार दिला. ग्रेनाश ब्लाँ आणि क्लेरेत हवेने लवकर बिघडतात, त्यामुळे स्वस्तातली बाटली मी आता गेल्या दोन वर्षांतलीच घेते.

जेवणाबरोबर? कोकमाच्या माशाच्या कालवणाबरोबर अजिबात नाही. आमसुलापुढे वाइन पिठूळ लागते, आणि तिखटाने अल्कोहोल घशाला झोंबतं. पण कमी तिखटाची भरली वांगी, दाण्याचा कूट आणि तीळ सढळ हाताने घातलेली, आणि समोर मार्सान्न! त्या रविवारी वहीत फक्त एक बदाम काढलाय. इथलं पिकोदों हे बकरीच्या दुधाचं चीजही छान जातं.

एर्मिताजची दुसरी बाटली, गेल्या वर्षी बाजारात आलेली, इमारतीच्या तळघरात आडवी ठेवली आहे. तिला दहा वर्षं हवीत. माझं कंत्राट दोन वर्षांचं आहे.