डिकीत जाळी बसवून घेताय? माझे ९,८३० रुपये कसे गेले ते वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांनी हे नीट वाचा, खासकरून ज्यांच्या डिकीत रोजचा माल असतो त्यांनी. माझा लोणची-चटण्यांचा घरगुती धंदा आहे, माल चोर्ला घाटावरून गोव्यात साखळी-डिचोलीला जातो, आणि जांबोटीच्या पुढची वळणं ज्यांनी चालवलीत त्यांना डिकीत काचेच्या बरण्या कशा गडगडतात ते सांगायला नको. म्हणून जाळी पाहिजे होती, हौस म्हणून नाही.

दुकान मेन रोडवरचं, मोठा बोर्ड, बाहेर गाड्यांची लाईन. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मालक म्हणाला, "अक्का, लोकल जाळी दोन महिन्यात सैल पडते बघा, कंपनीची ओरिजिनल घ्या." जाळी २,४५०, स्टीलचे चार हुक ३५० ला एक म्हणजे १,४००, फिटिंग ८००. एकूण ४,६५०. ॲडव्हान्स २,००० क्यूआरवर घेतले, बाकीचे २,६५० कॅश, आणि बिल मागितलं तर "बिलाला अठरा टक्के वर पडतील". पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळीकडे हेच चालतं. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं भलत्याच माणसाचं, दुकानाचं नाही. विचारलं तर म्हणे भाऊ आहे. आता दुकानात दहा माणसं उभी असताना कोण भांडत बसणार?

पण खरं तेव्हाच कळायला हवं होतं जेव्हा त्या फिटिंगवाल्या पोराने जाळीची पिशवी दाताने फाडली आणि चुरगाळून खिशात घातली. मी बघत होते. मी म्हटलंसुद्धा, "पिशवी दे रे इकडे, त्यावर एमआरपी असेल ना." तर तो, "कचरा कशाला अक्का गाडीत, तुम्ही तोवर चहा घेऊन या." कचरा खिशात कोण घालतं? पॅकिंगच्या मालावर एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कस्टमर केअर नंबर हे सगळं छापलेलं असावंच लागतं, कायदाच आहे तसा. त्या पिशवीवर यातलं काहीच नव्हतं म्हणूनच ती खिशात गेली, हे मला आज झोपेतसुद्धा दिसतं. आणि मी चहाला गेले. जाणारच ना, उन्हात उभं राहून ड्रिलचा आवाज किती ऐकायचा, आणि दुकानात चार लोकांसमोर आपण पोरावर संशय घेतोय असं दिसायला नको वाटतं, कुठल्याही बाईमाणसाला वाटतं.

गाडी ड्रिल करताना समोरून हलू नका. चहा नंतर प्या.

घाटात पहिल्याच मोठ्या वळणाला उजवीकडचा हुक उपटून आला. स्टील कसलं, प्लास्टिकवर चांदीचा रंग मारलेला. स्क्रू पत्र्यापर्यंत गेलेलाच नव्हता, नुसत्या आतल्या ट्रिममध्ये, म्हणजे पत्र्यावरच्या अस्तरात, अडकवला होता. आंब्याच्या लोणच्याच्या ११ बरण्या फुटल्या, १८० प्रमाणे १,९८०, डिकीतला तेलाचा वास अजून जात नाही. डावीकडचा स्क्रू मात्र लांब होता, तो थेट टेललाईटच्या वायरिंगमध्ये. मागचा डावा इंडिकेटर बंद, फ्यूज उडालेला, सर्व्हिस सेंटरला ३,२०० मोजले. आणि तिथल्या माणसाने कार्पेटची कड उचलून दाखवलं, माझ्या गाडीला जाळी अडकवायचे चार हुक कंपनीतूनच आहेत! ड्रिलची गरजच नव्हती. पार्ट नंबर असलेली, एमआरपी छापलेली जाळी त्यांच्या काउंटरला १,१५० ला होती. मॅन्युअल कोण वाचतं हो, सांगा तुम्हीच. पण आता वाचा, सामान ठेवायच्या जागेचं पान काढून बघा, हुक असतील तर कुणाला गाडीला भोक पाडू देऊ नका.

दुकानात गेले तर "आम्ही नाही बसवली, दुसरीकडे बसवली असेल." बिल नाही ना! मग पोलिसांकडे. तिथे सकाळभर बाकावर बसवलं, मग "हे सिव्हिल मॅटर आहे मॅडम, ग्राहक कोर्टात जा". लेखी अर्ज दिला मराठीत, तर कन्नडात लिहून आणा. शेजारच्या पोराकडून कन्नडात लिहून नेला तर साहेब नाहीत, "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण पोच देणार नाहीत म्हणे, एवढ्या छोट्या रकमेला कसली पोच. छोटी रक्कम! माझ्या किती बरण्या विकल्यावर ९,८३० सुटतात ते या लोकांना काय माहीत. तिथून एका सरकारी ऑफिसात पाठवलं, पॅकिंगवर एमआरपी नाही ती तक्रार तिथे करा म्हणून, तर तिथला क्लार्क विचारतो पिशवी कुठाय. पिशवी त्या पोराच्या खिशात आहे साहेब! तोच तर मुद्दा आहे! मी टॅक्स भरते, लायसन्स काढलंय, लेबल छापते, माझ्या बरणीवर तारीख चुकली तर मला नोटीस येईल, आणि हा माणूस राजरोस रस्त्यावर दुकान मांडून बसलाय त्याला विचारायला कुणाला सवड नाही. एकानेही दुकानात साधा फोन लावला नाही.

शेवटी १९१५ वर फोन केला, ती ग्राहक हेल्पलाईन आहे. तिथून कळलं की पक्कं बिल नसलं तरी यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे दिल्याचा पुरावा म्हणून जोडता येतो, त्यामुळे कॅश देऊच नका, अठरा टक्के वाचवायला जाऊन हातात काही राहत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची असते, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर घरूनही टाकता येते. हे मला त्या बाकावर कुणी सांगितलं असतं तर! सर्व्हिस सेंटरकडून वायरिंगचं लेखी घेऊन ठेवलंय, तुम्हीही घ्या, तुटलेला हुक फेकू नका, फोटो काढा. आणि अजून एक, जाळी चांगली असली तरी ती हलक्या मालालाच आहे, सिलेंडर किंवा पंपाची मोटर त्यात ठेवून घाट चढू नका, त्याला पट्टा बांधावा लागतो.

तक्रार टाकल्यावर परवा दुकानदाराचा फोन आला. "अक्का, १,५०० घ्या आणि मिटवा, कशाला कोर्टात फिरताय." आमचे हे म्हणाले घेऊन टाक, डोक्याला ताप नको. मी नाही म्हणून सांगितलं त्याला. पूर्ण ९,८३० पाहिजेत, आणि ते बिलावर लिहून.