एजीएस-१०१ सांगून १८,१५० ला गंडवलं, जुना गेमबॉय घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

आधी आकडा सांगते, कारण तोच रात्री झोपू देत नाहीये. १८,१५० रुपये. गेमबॉय ॲडव्हान्स एसपी (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा, मिटणारा जुना व्हिडिओ गेम), विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे एजीएस-१०१ मॉडेल, १३,५००. पोकेमॉन एमराल्ड ह्या गेमचं "ओरिजनल" कार्ट्रिज (मशीनमध्ये घालायची गेमची डबी) ४,२००. कुरियर ४५०. त्यातले ९,००० ॲडव्हान्स आणि ९,१५० पार्सल निघायच्या आधी, दोन्ही वेळा यूपीआय.

"ॲडव्हान्स दिलाच कशाला" म्हणणारे येतीलच, तर ऐका. जुन्या कन्सोलच्या व्यवहारात ॲडव्हान्स मागतातच, मी स्वतः याआधी एक पीएसपी आणि एक मेगा ड्राइव्ह असेच घेतलेत आणि दोन्ही आजही ठणठणीत आहेत. ह्या माणसाचं प्रोफाइल चार वर्षं जुनं, खाली "थँक्स भाई, मस्त पीस" वगैरे कमेंट्स, व्हिडिओ कॉल म्हटल्यावर लगेच तयार. मी डोळे मिटून पैसे टाकलेले नाहीत.

आणि घरात पीएस५ असताना हे कशाला, असं नवऱ्यानेही विचारलं. २००४ ला मामाने मस्कतहून मामेभावासाठी एसपी आणला होता. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला आम्ही दोघं गोधडीत शिरून आळीपाळीने खेळायचो, कारण ह्याच्या स्क्रीनला स्वतःचा लाइट होता आणि बाहेर आजीला पत्ता लागायचा नाही. मिटला की टक् करून वाजायचा. फोनवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) फुकट मिळतो हे मलाही माहितीये, पण काचेवर अंगठे घासण्यात ते नाही. पीएस५ वर मोठा गेम लावायला दोन तास मोकळे लागतात, एसपी झोपायच्या आधी वीस मिनिटं उघडायचा आणि मिटून उशाशी ठेवायचा. मला तेवढंच हवं होतं.

१०१ च का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००३ ला आलेला एसपी म्हणजे एजीएस-००१, त्याचा लाइट स्क्रीनवर समोरून पडतो, रंग फिके दिसतात. २००५ च्या १०१ मध्ये उजेड स्क्रीनच्या मागून येतो, रंग एकदम ताजे. बाहेरून दोन्ही सारखेच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक, आणि म्हणूनच ही लबाडी चालते.

आता तो क्षण. व्हिडिओ कॉलवर मीच त्याला सांगितलं की स्क्रीनखालचं छोटं बटण दाबून दाखवा. ००१ वर ते दाबलं की लाइट बंद होतो. १०१ वर बंद होतच नाही, फक्त कमी-जास्त होतो. त्याने दाबलं आणि स्क्रीन विझली. विझली!! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. "मॅडम बॅटरी लो आहे, चार्जिंगला लावतो" म्हणत त्याने लगेच मशीन उलटं करून मागचं स्टिकर कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यावर एजीएस-१०१ छापलेलं, वर "अजून दोघं लाइनीत आहेत, तुम्ही बोला" सुरू, रात्रीचे पावणेअकरा, माझा ऑफिसचा कॉल नुकताच संपलेला, आणि मी हो म्हणाले. टेस्ट मला माहीत होती, मीच करायला लावली, ती फेल झालेली मीच बघितली, आणि तरी हो म्हणाले. ह्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय. त्यात तो "जपानहून मागवलाय" असंही म्हणाला होता. १०१ जपानमध्ये कधी विकलाच गेला नाही! हेही मी आधी वाचलेलं होतं.

पार्सल आलं. बॉडी नवीन, चायनाची, डाव्या बिजागरीचा टवका उडालेला. स्टिकरच्या कोपऱ्यात नख घातलं तर अख्खं सोलून हातात आलं. बटण दाबलं, लाइट बंद, म्हणजे शुद्ध ००१. मग कार्ट्रिज बघितलं. मागचा स्क्रू साधा अधिकच्या खुणेचा, ओरिजनलला तीन पात्यांचा ट्राय-विंग असतो. ओरिजनलच्या लेबलवर दोन आकडे दाबून उठवलेले असतात, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की दिसतात, इथे लेबल सपाट. फोटोत त्याचा अंगठा नेमका तिथेच होता, तेव्हा लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सेव्ह (गेम कुठवर खेळले त्याची नोंद) पण गायब. त्याला विचारलं तर म्हणे "जुनं आहे, सेल गेला असेल." साफ खोटं, एमराल्डमध्ये सेल फक्त घड्याळासाठी असतो, सेल संपला तरी सेव्ह जात नाही. हे लिहून पाठवलं आणि ब्लॉक झाले.

कॉल चालू असताना स्क्रीन रेकॉर्डिंग करा. मी केलं नव्हतं.

आता पोलीस. चौकीत पहिला प्रश्न, "ताई, खेळण्याला अठरा हजार?" आणि शेजारचा हसला. मग "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, सिव्हिल मॅटर आहे." खोटं स्टिकर लावून विकणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूकच होते, असं म्हटलं तर "मग सायबरला जा." सायबरवाले म्हणाले विकणारा दुसऱ्या राज्यातला आहे, तिकडे तक्रार करा. झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, नोंदवता येणारी तक्रार) कुठेही घेतात ना, विचारलं, तर साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या. सोमवारी साहेब सुट्टीवर. तीन चकरा, दोन हाफ डे, शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला आणि त्यातही मॉडेलचं नाव चुकीचं. बँकेने सांगितलं "पिन तुम्हीच टाकलाय." अहो पिन मीच टाकला, तेच तर सांगतेय! त्याचं खातं निदान मार्क तरी करा म्हटलं तर म्हणे पोलिसांचं पत्र आणा, आणि पोलीस म्हणतात बँकेकडून लेखी आणा. मी कर भरते, रांगेत उभी राहते, प्रिंटआउट फाइलमध्ये लावून नेते आणि प्रत्येक टेबलावर मलाच आरोपीसारखं विचारतात.

पैसे गेल्याचं कळल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी त्याच्या उत्तराची वाट बघण्यात दोन दिवस घालवले. आणि कार्ट्रिजचा खालच्या पट्ट्यांचा क्लोजअप मागाच, ओरिजनल बोर्डवर तिथे निन्टेन्डो लिहिलेलं दिसतं. फोटो द्यायला का-कू केली तर सोडून द्या.

काल मैत्रिणीच्या अकाउंटवरून बघितलं, त्याची नवीन पोस्ट आहे. "एजीएस-१०१, जपान पीस", १३,०००. लेबलवर तोच अंगठा. माझे चॅट आणि दोन्ही पेमेंटचे स्क्रीनशॉट तयार आहेत, त्याच माणसाने अजून कुणाला फसवलं असेल तर सांगा, दोन तक्रारी एकत्र नेऊ.