खोट्या फौजीचा दावा पडताळताना: सेंट लुईसच्या नोंदकेंद्राची सेवा

अमेरिकेत सैनिकी सेवेचा दावा तपासायचा तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला, म्हणजे माजी सैनिकांच्या सेवा-फाइली ठेवणाऱ्या सरकारी केंद्राला, तोड नाही. एसएफ-१८० हा नोंदी मागवायचा फॉर्म भरा. पूर्ण नाव, सेनादल आणि सेवेचा अंदाजे काळ नीट लिहा. नाव अर्धवट असेल तर शोध तिथेच अडतो. माहिती अधिकाराखाली त्रयस्थालाही सेवेच्या तारखा, हुद्दा, नेमणुका आणि पदकं कळतात. सेवा सुटून ६२ वर्षं झाली की अख्खी फाइलच खुली होते.

बऱ्याच तोतयांनी सैन्यात खरोखर नोकरी केलेली असते, फक्त भांडारातल्या कारकुनाचा कमांडो झालेला असतो. मान हवा असतो, नोकरी किंवा सवलत हवी असते. कधी लढाईला न गेल्याची बोच असते. म्हणून तारखांपेक्षा नेमणुका आणि पदकांचे रकाने आधी वाचा.

‘माझी फाइल आगीत जळाली’ ही पळवाट ठरलेली. या केंद्रात १२ जुलै १९७३ ला लागलेली आग खरीच, पण तिचा मोठा फटका १९१२ ते १९५९ दरम्यान सुटलेल्या भूदल सैनिकांच्या आणि १९४७ ते १९६३ मधल्या हवाई दलाच्या काही फाइलींना बसला. व्हिएतनामहून १९६९ मध्ये परतलेल्याला ही सबब लागूच पडत नाही. ‘सगळं गोपनीय आहे’ हेही पटण्यासारखं नाही. मोहीम गुप्त असते, पण सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे डीडी-२१४, कमांडोलाही मिळतो.

उणीव एकच: उत्तराला वेळ लागतो, जुन्या जळक्या फाइलींना तर फारच.