पाण्याकाठचा एकच रविवार: पैठण की बेगमपुरा?

ठाण्याहून भावजयीचा फोन आला. "ताई, यंदा आमच्या हाती एकच रविवार आहे. मुलांना सुट्टी म्हणजे चौपाटी एवढंच माहीत. तुमच्याकडं पाण्याकाठी दिवस काढायचा तर कुठं जायचं?"

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही, म्हणून आमच्याकडं पाण्याकाठचा रविवार नसतो असं मात्र नाही. उलट पाणी कमी, म्हणून त्याची ओढ जास्त. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांपुढं असे दोन दिवस असतात. एक, पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण: संत एकनाथांचं नाथमंदिर, गोदेचे घाट, जायकवाडी धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. दुसरा शहरातच, खाम नदीच्या काठचा: बेगमपुरा, पाणचक्की, बीबी का मकबरा. वेरूळ-अजिंठा यात मी धरत नाही, त्यांना स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. आणि हे दोन्ही एका रविवारात बसवू पाहणाऱ्यांना हात जोडून सांगते, बसत नाहीत. दुपारी बिडकीनजवळ गाडीत झोपलेली पोरं आणि संध्याकाळी मकबऱ्याच्या दारात चिडलेली माणसं, एवढंच पदरी पडतं.

पैठणला सकाळी सातला निघावं. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत नऊच्या आत गावात पोचता येतं. एसटीही आहे. आधी गावातल्या वाड्यात, म्हणजे आतल्या नाथमंदिरात जावं. तिथं विजयी पांडुरंग आहे, पण मुलांना मी आधी रांजण दाखवते. देवानं श्रीखंड्या होऊन बारा वर्षं नाथांच्या घरी कावडीनं पाणी भरलं, ते या रांजणात. आजही तुकाराम बीजेला रांजणाची पूजा होते आणि लोक गोदेचं पाणी आणून त्यात ओततात. ज्याच्या घागरीनं रांजण भरून वाहील, त्याच्या रूपानं देव आला असं मानतात. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ याच गावचे. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात ही गोष्ट नुसती भक्तीची राहत नाही. माझी आई ती सांगताना अजूनही गहिवरते.

तिथून नागघाट, जिथं ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले असं सांगतात. मग नदीकाठचं बाहेरचं नाथमंदिर, म्हणजे समाधी. 1599 सालच्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदेत देह ठेवला. नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र सहलीला म्हणून जाऊ नका. तेव्हा गाव वारकऱ्यांचं असतं, पाय ठेवायला जागा नसते. जायचं तर दिंडीबरोबर जा.

अकराच्या सुमारास पैठणी विणकाम केंद्र. घ्यायची नसली तरी माग बघाच. पदरावरचा एकेक मोर बोटांनी धागा फिरवून भरतात. भारी पदराच्या साडीला महिनेच्या महिने जातात. पदर उलटून पाहा. हातमागावरच्या अस्सल पैठणीची उलटी बाजू जवळपास सुलटीसारखीच दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. एवढं कळलं तरी बाजारात कुणी फसवणार नाही.

जेवण दर्शनानंतरच. आमच्याकडं नाथांचं दर्शन झाल्याशिवाय मासळीला हात लावत नाहीत. धरणातली ताजी रोहू, कटला तळून देणाऱ्या खानावळी आहेत. शाकाहाऱ्यांना पिठलं, भाकरी, ठेचा.

आणि मग ज्यासाठी यायचं ते पाणी. चारनंतर नाथसागराकाठी उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वारा येतो, सूर्य पाण्यातच बुडतो. ठाण्याच्या पोरांना यापुढं काय हवं? सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, 27 दरवाजे, 102 टीएमसी (अब्ज घनफूट) च्या घरातला साठा. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. भिंतीवर सोडतात की नाही, ते त्या दिवशीच्या बंदोबस्तावर असतं. नाही सोडलं तर हुज्जत न घालता काठावरून पाहावं. पाण्यात उतरू मात्र नये. काठ चिखलाचा असतो आणि खोलीचा अंदाज येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नशीब असेल तर रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) गुलाबी रांग दिसते. त्यासाठी दुर्बीण आणि भल्या पहाटेची वेळ हवी. पाहुण्यांना मी हेही सांगते, की या पाण्याखाली कितीतरी गावं गेली. त्या माणसांनी घरं सोडली म्हणून आज माझ्या घरी नळ आहे.

बेगमपुऱ्याचा दिवस अगदी वेगळा. धावपळ नाही, खर्च थोडा, थकलं तर रिक्षानं घरी. सकाळी ऊन चढायच्या आत विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्या. वेरूळच्या गर्दीला कंटाळलेल्यांनी इथं यावं. लेण्यांपुढून खाली मकबऱ्याचा घुमट आणि सगळं शहर दिसतं. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत.

दुपार पाणचक्कीत. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून कित्येक किलोमीटर आणलं, उंच भिंतीत चढवलं आणि तिथून हौदात सोडलं. त्याच जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. ना वीज, ना बैल. पाणी वर कसं चढलं, हे मुलांना तिथंच उभं राहून विचारावं: उगम उंचावर आहे, म्हणून बंद नळातून येणारं पाणी त्या उंचीपर्यंत आपसूक चढू पाहतं. हौदाखाली दालन आहे, त्याचं छत म्हणजे हौदाचा तळ. मे महिन्यातही तिथं गारवा असतो. निजामशाहीच्या मलिक अंबरानं खडकी या नावानं वसवलं तेव्हापासून हे शहर नहरींवर जगलं, आणि आता जायकवाडीवर जगतं. उन्हाळ्यात पाणचक्कीची धार मंदावते, तेवढं मनात धरून जावं.

जेवायला सिटी चौकाच्या बाजूला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. तुघलकानं राजधानी दौलताबादेत आणली तेव्हा लष्कराबरोबर तो इकडं आला असं सांगतात.

संध्याकाळी मकबरा. त्याला ताजमहालाची नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी प्रवेशद्वारावरची नावं वाचावीत: अताउल्ला आणि हंसपतराय. इमारत बांधणाऱ्यांची नावं अशी दारावर किती ठिकाणी सापडतात? दिवस उतरताना चुन्याच्या गिलाव्यावर जो रंग चढतो, तो मला संगमरवराइतकाच आवडतो. परतताना उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरचं पान.

आता निवड. पैसा हा मुद्दा फार मोठा नाही. पैठणला गाडीचं भाडं लागतं आणि पैठणीचा मोह झाला तर बजेट कोलमडतं, एवढंच. खरी गोष्ट महिन्याची. सप्टेंबर ते फेब्रुवारी पैठण, डोळे झाकून. एप्रिल-मेमध्ये पाणी मागं सरतं, काठावर भेगाळलेला गाळ उरतो, ऊन चाळिशीपार जातं, पोरांचा हिरमोड होतो. तेव्हा बेगमपुराच बरा, आणि तोही लेणी सोडून. म्हातारं माणूस बरोबर असेल तर थांबून विचार करा. पैठणला चालणं थोडं आणि जागोजागी टेकायला जागा, पण जाऊन-येऊन गाडीतले तास अंगावर येतात. बेगमपुऱ्यात गाडीत बसणं नाही, पण पायऱ्या आहेत. नवरा-बायको दोघंच असाल, गप्पा मारत हिंडायचं असेल, तर मी शहराकडं झुकते.

भावजय नोव्हेंबरात येतेय, बरोबर दोन मुलं आणि आईचे दुखरे गुडघे. मी तिला पैठण सांगितलं. नागघाटाच्या पायऱ्या वगळायच्या, आईला वाड्यात रांजणाजवळ निवांत बसू द्यायचं, वाटेत ढोरकीनला चहासाठी थांबायचं, आणि साडेपाचला सगळ्यांनी पाण्याकडं तोंड करून उभं राहायचं. सकाळी आमच्या घरी प्यालेला पेला कुठून आला, ते तिथं मी मुलांना दाखवणार आहे.